कॅचरची तीन बोटं

सॉफ्टबॉलमध्ये समोरच्या संघाच्या खुणा चोरणं नियमाबाहेरचं नाही. चोरता आल्या तर खुशाल चोराव्यात. वडशाच्या मुलींना हे मी स्वतः शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. त्यामुळे पुढे जे झालं ते 'माझ्या लक्षातच आलं नाही' असं म्हणायची सोय मला नाही.

ऐंशीच्या दशकात मी तिथल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो. धान कापून झालं की शाळेमागची मोठी बांधी आमचं मैदान व्हायची. धानाचे खुंट कॅनव्हासच्या बुटांतूनही टोचायचे, पण मुली कुरकुर करत नसत. या खेळात पिचर खांद्यापासून हात गोल फिरवून कमरेखालून चेंडू सोडते. कोणता चेंडू टाकायचा ते मागे बसलेली कॅचर मांड्यांच्या आडोशाला बोटांनी सांगते: एक बोट म्हणजे जोराचा, दोन म्हणजे हळू, तीन म्हणजे वर उठणारा. फलंदाजी करणारीला हे दिसत नाही. पण तिच्या संघाची एखादी मुलगी धावत पिचरच्या पाठीमागच्या सेकंड बेसवर पोचली, की तिला समोर सगळं उघडं दिसतं. मग ती हळूच आपल्या मुलीला कळवते. आमच्या मुली वेणी पुढे घेऊन, मागे टाकून कळवायच्या.

पिचर वाचायलाही मी शिकवलं होतं. गडचिरोलीच्या एका सामन्यात समोरची पिचर हळू चेंडू टाकण्याआधी खालचा ओठ दाबायची. आमच्या बाकावरून आरडाओरडा सुरू झाला, "ओठ दाबला वो, ओठ दाबला!" शेवटी ती पोर मैदानातच रडली. त्या दिवशी मी हसलो होतो.

आमची स्वतःची पिचर वैनगंगेकाठच्या मासेमार घरातली. बापाबरोबर डोंग्यात उभं राहून जाळं फेकता फेकता तिचा हात तयार झालेला. कॅचरचे वडील रेल्वेत गँगमन होते. वस्तीतल्या विहारामागे त्यांचं घर होतं. या दोघी शाळेत एका बाकावर, सामन्याला जाताना गाडीत एका खिडकीशी. एकीने अर्धा पेरू खाल्ला की उरलेला अर्धा दुसरीचा.

एका हिवाळ्यात पिचर चुकीचे चेंडू टाकू लागली. हळू सांगितला की जोराचा यायचा आणि कॅचरच्या छातीवर आदळायचा. कॅचर मुखवटा वर करून माझ्याकडे आली.

"सर, हिले बोटं दिसून नाई राह्यली."

"दिसते न!" पिचर लांबूनच ओरडली.

"मंग सांग, आता किती हायेत?"

"दोन!"

"मी मूठ धरली हाये, बाई."

सगळ्या हसल्या. पिचर मात्र हसली नाही. संध्याकाळी ती मला म्हणाली, "सर, कोनाले सांगू नोका. माय म्हनते, चश्मेवालीले बायको कोन करते? घरी समजलं तं खेळनं बंद करतीन."

मी कोणाला सांगितलं नाही. उलट मला एक युक्ती सुचली, आणि तिचा मला फार अभिमान वाटला. कॅचरचे वडील तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे. त्यांच्या डबीतल्या चुन्याचे ठिपके मी तिला तीन नखांवर लावायला सांगितले. काळ्यासावळ्या बोटांवर पांढरी नखं. पिचरला ती लांबूनही दिसू लागली. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. चुन्यानं कॅचरच्या नखांभोवतीची कातडी फुटायची. मी म्हणायचो, जवसाचं तेल लाव. ती म्हणायची, "लावतो न, सर. पन बाबा रोज इचारते, खर्रा मी खातो का तू?"

त्या वर्षी आम्ही छोट्या लाईनीच्या गाडीने चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, स्पर्धेसाठी गेलो आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. समोरच्या संघात कॅचरची मामेबहीण खेळत होती. आदल्या संध्याकाळी दोघी बहिणी मैदानाच्या कडेला फुटाणे खात गप्पा मारत बसलेल्या सगळ्यांनी पाहिल्या.

सातपैकी पाच डाव संपले तेव्हा आम्ही दोन धावांनी पुढे होतो. सहाव्यात त्यांची एक मुलगी सेकंड बेसवर पोचली. तिने टोपीला हात लावला, आणि पुढचा चेंडू आमच्या मुलींच्या डोक्यांवरून मैदानापार गेला. नंतरची सेकंडवर आली. पुन्हा टोपी, पुन्हा तसाच फटका. मी तिच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. ऊन तिरपं झालं होतं आणि थेट कॅचरच्या गुडघ्यांमध्ये शिरत होतं. तिथं तीन नखं धानाच्या लाह्यांसारखी चमकत होती.

कॅचरने वेळ मागून घेतला आणि धावत माझ्याकडे आली.

"सर, त्या सेकंडवरून पाहून राह्यल्या. चुना पुसू का? मी खूण नाई करत. चेंडू वापस द्याले जवळ जातो न हिले कानातच सांगतो. त्यायले आयकूच नाई जाणार."

तिचं बरोबर होतं. पण युक्ती माझी होती, आणि नववीतली पोर ती मोडीत काढते आहे हे मला रुचलं नाही. "राहू दे," मी म्हणालो. "ऐनवेळी बदल नको."

ती परत जाऊन बसली. आम्ही हरलो.

मैदानावरच कोणीतरी फुटाण्यांची गोष्ट काढली. मग ती मोठी होत गेली. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "कॅचरने बहिणीला खुणा सांगितल्या असं म्हणतात. खरं का?" पिचर तिथंच, चेंडूंची पिशवी धरून उभी होती.

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

पुढे मी मनाची समजूत घातली, की चुन्याचं सांगितलं असतं तर पिचरच्या डोळ्यांचं उघड झालं असतं, म्हणून मी गप्प राहिलो. ते खोटं आहे. मला माझी चूक दाखवायची नव्हती. परतीच्या गाडीत दोघी वेगवेगळ्या खिडक्यांशी बसल्या. पुढच्या संघाच्या यादीत कॅचरचं नाव नव्हतं. यादी मीच लिहिली होती.

गेल्या हिवाळ्यात गडचिरोलीला दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेलो. दंडाला पट्टा बांधणाऱ्या नर्सबाईंच्या, नखांभोवती फुटलेल्या बोटांकडे लक्ष गेलं आणि मी वर पाहिलं. कॅचरच होती. तिने मला आधीच ओळखलं होतं.

"आता बोलू नोका, सर. आकडा वर जाते."

पट्टा निघाल्यावर मी एका दमात सगळं सांगितलं. तिने शांतपणे नोंद केली.

"मले माहीतच होतं न. चुना पुसू का, मीच तं इचारलं होतं तुमाले."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"चुना काऊन लावला, तेबी सांगा लागलं असतं. तिचे डोये साऱ्यायले समजले असते." मी ज्या सबबीमागे लपलो होतो, तेच तिच्या गप्प राहण्याचं खरं कारण होतं. मग ती म्हणाली, "मले कायले सांगता, सर? तिले सांगा न."

कॅचरचा नंबर मी कागदावर लिहून घेतला आणि पुढच्याच आठवड्यात नदीकाठच्या गावी गेलो. पिचर ओसरीत जाळं दुरुस्त करत बसली होती. डोळ्यांना जाड चष्मा. मी चहाला नाही म्हटलं, आधी ऐक म्हटलं. ऐकून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिली.

"तुमी 'सांगता येत नाही' म्हनलं तवा मी तिथंच होती, सर."

"हो."

"तिचे बाबा गेले. मी गेली नाई तिथं. तिच्या लग्नाले नाई." तिने चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाली, "हे तुमी आता सांगून राह्यले."

मी मान खाली घातली. त्या सामन्याला हजर असलेलं कोणी हे वाचत असेल, तर एवढं लक्षात ठेवावं: कॅचरने खुणा कोणालाही सांगितल्या नव्हत्या. त्या माझ्यामुळे दिसल्या.

"तिची बोटं अजून फुटते का जी, थंडीत?" पिचरने विचारलं.

"फुटतात."

मी नंबराचा कागद पुढे केला. तिने तो डोळ्यांजवळ धरून फोनवर एकेक आकडा दाबला. पलीकडून "कोन बोलते?" असं मलाही ऐकू आलं. तिने फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "मी होय वो. तवा मले बोटं खरंच दिसून नाई राह्यली होती."

मी चपला घातल्या आणि नदीकडच्या वाटेला लागलो.