मोटारीची एकादशी

हंगामात कापसाच्या जिनिंगच्या आवारात सरकीचा ढीग साचतो, तसे आमच्या शेडमध्ये किस्से साचतात. मोटारी दुरुस्त होऊन निघून जातात, त्यांच्या गोष्टी मात्र इथेच मुक्काम करतात. कुणी मित्र आला की विचारतो, "त्या गळक्या मोटारीचं काय झालं रे?" मग एका किश्श्यावर भागत नाही. चहा मागवा, सांगतो.

* * *

निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून, म्हणून वडिलांनी मला पुण्याला ठेवलं. तिथे इंजिनिअरिंग शिकलो, मुंबईची नोकरी नाकारली आणि सेलूला येऊन पत्र्याची शेड ठोकली.

उद्घाटनाला मी भाषण केलं. "आपलं यंत्र आपल्या मातीत, आपल्या हातांनी दुरुस्त झालं पाहिजे! यापुढे आपल्याकडचं एकही इंजिन मरम्मतीसाठी हैदराबादेला जाणार नाही!"

टाळ्या पडल्या. माझे भागीदार दत्तूआप्पा, जिनिंगमधले जुने फिटर, माझ्या शेजारीच उकिडवे बसून पंप उघडत होते. ते म्हणाले, "झालं का भाषण? मग तो पाना द्या इकडं. पायाखाली घेऊन उभे हायत तुमी!"

* * *

पहिली कसोटी आबासाहेबांच्या मोटारीची. आबासाहेब म्हणजे झरीकडचे बडे जमीनदार. मोटार जुनी, उघड्या टपाची, पितळी दिव्यांची, उभी राहिली तरी ऐटीत. पण इंजिनाखालून तेल असं गळायचं, की रस्त्यावर थेंबांची रांग लागायची.

एकदा आबासाहेब घरी म्हणाले, "शेतावर गेलो होतो."

बाईसाहेब म्हणाल्या, "मग थेंब तमाशाच्या तंबूकडं कसे वळले?"

ते आमच्याकडे आले तेच तापून. "पोरीचं लग्न हाय. व्याही हैदराबादचे. मांडवापुढं मोटारीखाली तेलाचं डबकं झालं तर माझी काय शोभा? लग्नाच्या आधी जमलं तर बघा, न्हाईतर रेल्वेत घालून हैदराबादेला धाडतो!"

माझं सगळं भाषण आता त्या एका मोटारीवर येऊन टेकलं.

* * *

आप्पांनी आधी सगळे बोल्ट आवळले. गळती तशीच! वाऱ्याने तेल उडून सगळं इंजिन काळं झालेलं. मूळ जागा सापडेना.

मी म्हटलं, "कापूस आणा!" सेलूत त्याला काय तोटा? इंजिन घासलेटने धुऊन कोरडं केलं, एकेका जोडाला पांढऱ्याशुभ्र कापसाचा बोळा सुतळीने बांधला आणि मोटार स्टेशनपर्यंत फिरवून आणायची ठरवली. आबासाहेबांचे ड्रायव्हर रहीमचाचा ते रूप बघतच राहिले. "या अल्ला! हिला न्यूमोनिया झाला काय?"

मोटार परतली. सगळे बोळे पांढरे, आणि इंजिनाच्या मागच्या टोकाला, जिथून फिरणारा दांडा बाहेर येतो तिथला एकच बोळा चिंब! मी उडीच मारली. तिथली तेल अडवणारी चामड्याची चकती झिजली होती.

आप्पा मात्र तो बोळा नाकाशी धरून उभे. "इंजिनेरसाहेब, हे तेल कोणतं हो? भज्याचा वास यायलाय!"

* * *

रहीमचाचांना खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे पाहुणा आला की आधी त्याच्या बैलांना चारापाणी, मग पाहुण्याला. मोटार कडबा खात नाही, म्हणून आबासाहेब ज्या गावी जातील तिथला यजमान इंजिनात तेल ओतायचा! चुडाव्याच्या पाटलांनी तर घाण्यावरचं ताजं करडईचं तेल तांब्याने पाजलं होतं. इंजिनातल्या पातळीच्या खुणेच्या कितीतरी वर भरलेलं तेल ती झिजकी चकती अडवणार कशी?

"चाचा, नको म्हणायचं ना तुम्ही!"

"नक्को बोललो की पाटील रुसतात, साहेब. म्हणतात, आमच्या घरचं तेल तुमच्या मोटारीला गोड लागंना का?"

मी यंत्र आणि पाहुणचार या विषयावर बोलायला सुरुवात केली. चाचांनी हात वर केला. "तुमी गळती बघा. पाटलांचं मी बघतो."

* * *

नवी चकती मागवायला वेळ नव्हता. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या मोटेचं कातडं वर्षानुवर्षं पाणी सोसतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मी माप घेतलं, आकृती काढली, आप्पांनी कातडं कापलं आणि आम्ही ते एरंडेलात मुरवलं.

आबासाहेबांच्या कपाळावर आठी. "मोटेचं कातडं? माझ्या मोटारीत?"

आप्पा म्हणाले, "मालक, तुमची सगळी बागायत त्याच कातड्यावर उभी हाय. मोटारीनंच काय नाक मुरडायचं?"

* * *

चकती बसली, नवं तेल खुणेपर्यंत भरलं, आणि आबासाहेब लग्नाची आमंत्रणं द्यायला निघाले. चुडाव्याला पाटील तांब्या घेऊन हजर!

चाचांनी हात जोडले. "माफी द्या पाटील. आज मोटारीची एकादशी हाय."

पाटलांनी तांब्या परत पाठवला, आणि मोटारीला हार घालून नमस्कार केला!

* * *

लग्नाचा दिवस. आप्पा आणि मीही मांडवात हजर. हैदराबादचे व्याही मांडवापुढे उतरले. आबासाहेबांच्या मोटारीच्या गळतीची कीर्ती त्यांच्या कानावर होतीच. तिच्याभोवती फिरून त्यांनी विचारलं, "मरम्मत कुठं केली? आमच्या हैदराबादला?"

"सेलूला," आबासाहेब म्हणाले.

"सेलूला?" व्याही हसले. "मग खाली परात ठेवा, आबासाहेब. पाहुण्यांचे जोडे खराब होतील!"

वऱ्हाड खो खो हसलं. आबासाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी डोक्यावरचा जरीचा फेटा उतरवला. व्याही गडबडून मागे सरकले. त्यांना वाटलं, फेटा पायावर घालतात की काय! आबासाहेबांनी तो उलगडला आणि मोटारीखाली अंथरला.

"चाचा, इंजिन चालू करा. पाहुण्यांचं शरबत अन् पान होईस्तोवर बंद करायचं न्हाई."

इंजिन धडधडत राहिलं. शरबताकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आप्पा देवाचं नाव पुटपुटत होते. पहिल्यांदाच मला भाषण सुचत नव्हतं.

पानं झाली. आबासाहेबांनी वाकून फेटा ओढला, दोन्ही बाजूंनी व्याह्यांपुढे धरला.

व्याही बारकाईने बघत म्हणाले, "माती लागली की फेट्याला."

"मातीच ना?" आबासाहेब म्हणाले, आणि न झटकता तसाच फेटा बांधायला लागले.