ऑपरेटर सुट्टीवर असताना

जालन्यातल्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचं मानधन, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नाही. चौदा वर्षं झाली. आमच्या विभागात कायम प्राध्यापक दोन आहेत. एका वकिलांनी प्राचार्यांकडे संख्याशास्त्राचा जाणकार मागितला, तेव्हा त्यातल्या एकांची कंबर धरली होती. दुसऱ्यांनी समोर कोणती कंपनी आहे ते विचारलं आणि त्यांना परीक्षा विभागाचं काम निघालं. मला काहीच निघालं नाही, म्हणून मी गेलो.

वकिलांचं ऑफिस नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कीटकनाशकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यातच डोळे चुरचुरायचे. वकील साठीचे, सगळी हयात कामगारांचे खटले चालवण्यात गेलेली. त्यांनी मला चहा दिला आणि प्रकरण सांगितलं.

एका बियाणं कंपनीच्या प्लांटमध्ये काम करणाऱ्या बायकांनी तक्रार दाखल केली होती. तिथे दोन पदं होती, हेल्पर आणि ऑपरेटर. मशीन चालवतो तो ऑपरेटर, बाकीचं करतो तो हेल्पर, आणि दोघांच्या रोजात चांगलाच फरक. बायका सगळ्या हेल्पर होत्या. त्यांचं म्हणणं, आम्हीही मशीन चालवतो, वर्षानुवर्षं चालवतो, पण आमच्यातल्या एकीलाही ऑपरेटर केलेलं नाही. कंपनीचं म्हणणं, आमच्याकडे बाई-पुरुष असा भेदच नाही. हेल्परला हेल्परचा पगार, ऑपरेटरला ऑपरेटरचा.

"बायका साक्ष देतील आम्ही मशीन चालवतो. मॅनेजर साक्ष देईल, नाही चालवत," वकील म्हणाले. "तोंडाला तोंड. मला कागद बोलायला पाहिजे."

कोर्टाच्या आदेशावरून कंपनीने कागद दिले होते. कामगारांची यादी, हजेरी, रजेचं रजिस्टर, रोजच्या उत्पादनाच्या नोंदी. सगळं झेरॉक्स, काही पानं तिरकी, काहींवर अंगठा आलेला. मी गठ्ठा स्कूटरवर पुढे ठेवून जुन्या जालन्यातल्या घरी आणला. दिवाळीच्या सुट्टीत यादी कॉम्प्युटरवर चढवायला घेतली. बायको वाचून दाखवायची, मी टाइप करायचो. तिसऱ्या दिवशी ती थांबली.

"हिची बारा वर्षं, दहावी पास, हेल्पर. ह्याची दोन वर्षं, नववी नापास, ऑपरेटर. अजून किती वाचू?"

"सगळं," मी म्हणालो. "एक-दोन उदाहरणांवरून निष्कर्ष काढता येत नाही."

तिने सगळं वाचलं. मी हिशोबात प्रत्येकाचं शिक्षण घेतलं, नोकरीची वर्षं घेतली, विभाग घेतला, पद घेतलं, बाई की पुरुष ते घेतलं, आणि कशामुळे पगार किती हलतो ते काढलं. शिकवतो तसं, सगळ्या पायऱ्या धरून. उत्तर आलं की बाई असण्यामुळे पगारात काहीही फरक पडत नाही. मी पुन्हा करून पाहिलं. तेच आलं. वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "रविवारी बायकांची बैठक आहे. तुम्हीच येऊन सांगा."

बैठक त्यांच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या ओट्यावर होती. वीस-पंचवीस बायका होत्या. त्यांच्या वतीने बोलणारी बाई पंचेचाळिशीची असेल. माहेर आष्टीचं, घरी शेती, दहावी झाल्यावर लग्न करून जालन्यात आलेली. वकील तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताई म्हणू लागलो. मी निष्कर्ष सांगितला. वाईट वाटतं, पण आकडे आहेत तसे आहेत, असंही सांगितलं.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, म्हंजे हेल्पर बाईला अन् हेल्पर माणसाला सारखाच पगार, आसंच ना?"

"हो."

"ते तर आम्हाला पहिल्यापासून ठाऊक हाये. पन हेल्पर कोन ऱ्हाईल, हे कोन ठरवतं?"

"कंपनी."

"मंग तुम्ही कंपनीलाच इचारून आले म्हना की, तुमचं बराबर हाये का."

कोणी हसलं नाही. मला वाटतं हसल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या गोष्टीबद्दल वाद आहे तीच गोष्ट गृहीत धरून हिशोब केला तर वाद दिसेनासा होतो, हे मी चौदा वर्षं शिकवत आलो होतो. त्यावर चार मार्कांचा प्रश्न येतो. पोरं बरोबर लिहितात.

सावरून घ्यायला मी म्हणालो की यादीत एक बाई ऑपरेटर आहे, तिचं काय? ताईंनी नाव विचारलं. मी सांगितलं. या वेळी मात्र ओटाभर हशा झाला.

"सर, त्याला मिशा हायेत."

ते नाव बायकांचंही असतं आणि पुरुषांचंही. यादीत तो रकाना पुसट आला होता आणि मी अंदाजाने भरला होता. मी पेन काढून तिथेच दुरुस्ती केली. ऑपरेटर झालेली माझी एकुलती एक बाई अशी गेली.

उठताना ताई म्हणाल्या, "एक इचारू का? ऑपरेटर सुट्टीवर आसला, तर मशीन बंद ऱ्हातंय का?"

"मला काय माहीत?"

"कागद तुमच्यापाशी हायेत ना. पाहा की."

मी पाहिलं. त्यासाठी फारसं संख्याशास्त्र लागलं नाही. रजेच्या रजिस्टरवरून प्रत्येक ऑपरेटर कोणत्या तारखेला नव्हता ते काढलं आणि त्याच तारखांना त्याच्या मशीनवर किती बियाणं निघालं ते समोर मांडलं. ऑपरेटर हजर असलेले दिवस एका बाजूला, नसलेले दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. बदली ऑपरेटर दाखवलेले दिवस मी आधीच वगळले होते. एका ऑपरेटरच्या भावाचं लग्न होतं, तो आठवडाभर गावाला गेला होता. त्या आठवड्यात त्याचं मशीन नेहमीपेक्षा थोडं जास्तच चाललं.

मग पहिला हिशोबही नव्याने केला. या वेळी पद बाजूला ठेवलं आणि विचारलं, सारखं शिक्षण आणि सारखी वर्षं असलेल्या माणसांमधून ऑपरेटर कोण होतं? शिवाय एक साधी गोष्ट केली. पात्र असलेल्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या, जितके ऑपरेटर हवेत तितक्या डोळे मिटून काढल्या, तर सगळ्याच्या सगळ्या पुरुषांच्या किती वेळा निघतील? कॉम्प्युटरला दहा हजार वेळा काढायला लावल्या. एकदाही निघाल्या नाहीत.

औद्योगिक न्यायालयाची तारीख संभाजीनगरला असायची. सकाळच्या गाडीने आम्ही तिघं जायचो, वकील, ताई आणि मी. पहिल्या तारखेला कंपनीचे वकील आजारी होते. दुसऱ्या तारखेला आमचे. तिसऱ्या वेळी न्यायाधीश रजेवर. ताईंचा प्रत्येक वेळी रोज बुडायचा, माझे तास बुडायचे. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. ताई डबा आणायच्या, तिघांना पुरेल एवढा. एकदा गाडीत त्यांनी विचारलं, "सर, तुमचं कॉलेज तुम्हाला पर्मनंट कधी करून राह्यलं?"

"जागा निघाल्या की."

"कधी निघतात?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. बदनापूर आलं होतं.

चौथ्या तारखेला माझी साक्ष झाली. न्यायाधीश बाई होत्या, आवाज बारीक. त्यांनी विचारलं, तुम्ही जी पद्धत वापरली तिला मराठीत काय म्हणतात? रिग्रेशनला पुस्तकात असलेला शब्द मी सांगितला, समाश्रयण. टाइप करणाऱ्या स्टेनोने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणालो. तिने काहीतरी टाइप केलं. ते काय होतं हे मी नंतरही पाहायला गेलो नाही.

मग कंपनीचे वकील उठले. अतिशय सभ्य माणूस. कुठेही आवाज चढवला नाही.

"आपण कायम प्राध्यापक आहात?"

"नाही. तासिका तत्त्वावर."

"म्हणजे कॉलेजने आपल्याला कायम करण्याच्या लायकीचं मानलेलं नाही."

"पात्रता आहे. जागा भरलेली नाही."

"कायम प्राध्यापक जे काम करतात ते आपण करता का?"

"तेच करतो. तेच वर्ग, तोच अभ्यासक्रम. पेपरही तपासतो."

न्यायाधीशांनी फाइलमधून मान वर केली. वकिलांनी घाईने पुढचं पान उलटलं.

"दहा हजार वेळा चिठ्ठ्या काढल्या असं आपण म्हणता. किती दिवस लागले?"

"चार सेकंद."

"चार सेकंदांत दहा हजार वेळा?"

"कॉम्प्युटरवर."

"म्हणजे प्रत्यक्षात आपण एकही चिठ्ठी काढलेली नाही."

"नाही."

"रेकॉर्डवर घ्या," ते म्हणाले. स्टेनोने टाइप केलं, हे म्हणणे खरे आहे की मी प्रत्यक्षात एकही चिठ्ठी काढलेली नाही. हे वाक्य सुरेख टाइप झालं होतं. खाली मी सही केली.

परतताना मी डब्याला हात लावला नव्हता. वकील झोपले होते. ताई म्हणाल्या, "जेवून घ्या सर. तुम्ही खोटं तर काही बोलले न्हाई." मला बरं वाटलं नाही, पण जेवलो.

पुढच्या तारखेला मॅनेजरची साक्ष होती. माझं काही काम नव्हतं, तरी गेलो. आमच्या वकिलांनी रजेचं रजिस्टर आणि उत्पादनाची नोंद त्याच्यापुढे ठेवली. ही कंपनीचीच कागदपत्रं ना? हो. या तारखेला हा ऑपरेटर रजेवर होता? हो. बदली कोणाला दिलं होतं? कोणाला नाही. त्या दिवशी त्याच्या मशीनवर एवढं बियाणं निघालं? हो.

"मग मशीन कोणी चालवलं?"

मॅनेजरने त्याच्या वकिलांकडे पाहिलं. वकील कागद वाचत होते.

"मशीन ऑटोमॅटिक आहे," मॅनेजर म्हणाला.

पुढचा प्रश्न आमच्या वकिलांनी विचारायच्या आत न्यायाधीशांनीच विचारला, त्याच बारीक आवाजात. "मग बाकीच्या दिवशी ऑपरेटर काय करतो?"

मॅनेजर म्हणाला, "देखरेख." न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. ताई माझ्या शेजारी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि समोर पाहत राहिल्या. त्यांचा एक पाय मात्र हलत होता, माझ्या बाकाला जाणवेल इतका.

निकाल यायला पुढचा उन्हाळा उजाडला. तक्रार अंशतः मंजूर. मशीनवर काम केल्याचं दिसतं त्या बायकांना ऑपरेटर धरावं आणि तक्रार दाखल केली त्या दिवसापासूनचा फरक द्यावा. त्याआधीच्या वर्षांचं काही नाही. ज्या दोघी मध्येच काम सोडून गेल्या होत्या त्यांची नावं यादीतून गळली. कंपनी वरच्या कोर्टात गेली, मग तिथे तडजोड झाली. पदं मान्य, फरक अर्धा. ताई म्हणाल्या, "अर्ध्यावर सही करताना हात न्हाई उचलत, पन अजून चार वर्षं कोन चकरा मारील?" त्यांनी सही केली. काम सोडलेल्या दोघींसाठी उरलेल्यांनी वर्गणी काढली, ते मला नंतर कळलं.

निकालपत्रात माझ्याबद्दल एक परिच्छेद आहे. साक्षीदाराने केलेली गणिते क्लिष्ट असून त्यांवर विसंबण्याची आवश्यकता नाही, कारण रजेचे रजिस्टर पुरेसे स्पष्ट आहे. मी तो तीन वेळा वाचला. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं." वस्तुस्थिती म्हणून हे खरं आहे. पाच तारखांना बुडालेल्या तासांबद्दल कॉलेजने मला लेखी खुलासा मागितला. मी निकालाची प्रत जोडली. ती परत आली. सोबत मूळ प्रत जोडावी असा शेरा होता.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ताईंचा फोन आला. मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून पुढच्या तासाची वाट पाहत होतो.

"सर, ऑपरेटरला म्हैन्याच्या शेवटी एक फॉर्म भरावा लागतो. किती माल घातला, किती खराब निघाला, त्याचा टक्का. टक्का कसा काढायचा, जल्दी सांगा."

मी सांगितलं. खराब माल वर, एकूण माल खाली, गुणिले शंभर. पलीकडे मशीनचा आवाज येत होता. त्यांनी एक उदाहरण करून दाखवलं, बरोबर आलं. दुसरं केलं, तेही बरोबर. मग कागद उलटल्याचा आवाज आला.

"सर, गेल्या वर्षीचे जुने फॉर्म हितं फायलीत हायेत. ऑपरेटर लोकांनी भरलेले."

"मग?"

"सगळे चुकीचे हायेत. खराब माल खाली घेतलाय अन् एकूण माल वर. टक्का शंभराच्या वर चाललाय. मॅनेजरसाहेबाच्या सह्या हायेत खाली. कोनाला सांगू?"

मी विचार केला. "वकिलांना इतक्यात नको," मी म्हणालो.

"बिलकुल न्हाई," त्या म्हणाल्या. "मी मॅनेजरलाच शिकवते. तुम्ही पुन्हा एकदा सांगा, सावकाश. त्याला समजंल आसं."

माझा तास सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.