आण्णांचा फिकट जांभळा शर्ट

माझ्या वडिलांना म्हातारं मी केलं.

वयानं नाही. एका फोननं.

आज आण्णांना जाऊन वर्ष झालं. फोटो टाकायचा, खाली हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं, असं मला जमणार नाही. म्हणून हे लिहिते.

आण्णा बसवर कंडक्टर होते. वडवणी-बीड, बीड-वडवणी. सगळी नोकरी खाकीत गेली.

रिटायर झाले त्याच आठवड्यात रफिकचाचा टेलरकडे जाऊन चार शर्टांचं माप देऊन आले. आकाशी, बदामी, बारीक चौकडीचे.

आईनं विचारलं, नवरदेव व्हायचंय का.

आण्णा म्हणाले, "इतकी वर्षं नोकरीनं एकच रंग घालायला लावला. आता माझी पाळी हाय."

मग रोज दाढी. कडक इस्त्री. दर रविवारी केसांना काळी मेंदी. कानात अत्तराचा फाया.

आणि एवढा थाट करून जायचं कुठं, तर स्टँडसमोर चहा प्यायला!

आई त्यांची टर उडवायची. पण शर्टाचं बटण लोंबताना दिसलं की आधी सुई-दोरा तीच घ्यायची.

मग आई गेली.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर नवीन काही अंगाला लावत नाहीत. दुखवट्याला पाहुणे टॉवेल-टोपी आणतात, कुणी कापड आणतं, तेवढंच वापरायचं.

आईला जाऊन दोनेक महिने झाले असतील. आण्णा आठवडी बाजारात गेले. अंगात नवाकोरा पिस्ता रंगाचा शर्ट, गुळगुळीत दाढी, कानात फाया.

दिवस मावळायच्या आत मला बीडला चुलतीचा फोन. "तुझ्या बापासाठी पोरगी बघायची का गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा ठेवला आणि लगेच आण्णांना लावला.

"आण्णा, आईला जाऊन किती दिवस झाले? तुमच्या वयाला शोभतं का हे?"

आण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"बरं."

एवढंच.

त्यानंतर दोन वर्षं आण्णा दुखवट्यात आलेल्या जाडाभरड्या कपड्यांतच राहिले. मेंदी बंद. दाढी वाढलेली. तोच मळका टॉवेल खांद्यावर.

हळूहळू स्टँडवरचा चहाही बंद झाला. माझ्या मुलीच्या गॅदरिंगला बोलावलं, तर म्हणाले, मी असा कुठं येऊ बाई.

मला वाटलं, आईचं दुःख आहे. आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. चारचौघांत वडील आता वडिलांसारखे दिसत होते.

वर मीच कधी कधी म्हणायचे, आण्णा, जरा नीट राहत जा की.

एकदा वडवणीला गेले तेव्हा ब्लाऊज शिवायला टाकायला म्हणून रफिकचाचांच्या दुकानात शिरले. चाचांनी मला ओळखलं. वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

आत फिकट जांभळा शर्ट होता. शिवून, इस्त्री करून ठेवलेला. घड्यांवर पिवळे डाग पडले होते.

"ताई, तुमच्या आईनं दोन शर्टपीस दिलते. लई आजारी होत्या, रिक्षातून खाली बी उतरल्या न्हाईत. म्हणल्या, मी असू-नसू, ह्यांचे शर्ट शिवून द्या. माणसाला गबाळं राहू देऊ नका."

मी विचारलं, दुसरा पीस कुठंय.

"पिस्ता ना? तो त्यांनी नेला. हा न्यायला आलेच न्हाईत. मी निरोप धाडला, तर म्हणले, राहू दे, लेकीला आवडत न्हाई."

मी दुकानातल्या स्टुलावर बसूनच रडले. चाचांनी मशीन थांबवलं आणि पाणी आणून दिलं.

'तुझ्या आईनं शिवायला टाकलाय' एवढं आण्णा त्या दिवशी म्हणाले असते, तर मी गप्प बसले असते. ते नाही म्हणाले. मुलीला आपली लाज वाटते म्हटल्यावर त्यांनी विषयच संपवला.

शर्ट घेऊन घरी गेले. आण्णा बाहेर ओट्यावर बसले होते. माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं. मी वाटीत काळी मेंदी कालवली आणि त्यांच्या मागं जाऊन बसले.

ते म्हणाले, "लोकं काय म्हणतील, बाई?"

"म्हणू द्या. मीच सगळ्यात जास्त म्हणलं, आण्णा. चुकलं माझं."

आण्णांनी मान तेवढी खाली केली, मला ब्रश नीट फिरवता यावा म्हणून.

शर्ट घातला तर खांद्यावरून उतरत होता. दोन वर्षांत माणूस निम्मा झाला होता. आरशात बघत म्हणाले, "ढगळ होतोय. रफिककडून आत घ्यावा लागंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. पिस्ताही सोबत नेला.

त्यानंतर आम्हाला जेमतेम वर्ष मिळालं. पण त्या वर्षात आण्णा स्टँडवर चहाला गेले, नातीच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसले, आणि शेजारच्या आजोबांना दाढीचा साबण कुठला चांगला ते सांगून आले.

शेवटच्या अंघोळीनंतर भावकीतल्यांनी पांढरे कपडे पुढं केले. मी जांभळा शर्ट दिला. रात्री स्वतः इस्त्री केलेला. एकदोघं कुजबुजले. चुलती त्यांना म्हणाली, घालू द्या.

रफिकचाचांनी आण्णांच्या कानात फाया ठेवला आणि कॉलर सरळ केली.

"आता बराबर बसला," म्हणाले.

आण्णा, आईला भेटला असाल तर तिला सांगा, शर्ट मिळाला.

तुमच्या लेकीचा नमस्कार.

आणि पिस्ता शर्टात तुम्ही लई छान दिसायचात. त्या दिवशी फोनवर मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं.