रीतीबाहेरचा शब्द

मेदान शहरातल्या एका सरकारी कचेरीत एकोणीस वर्षं भाषांतरं करून तिउर्मा सिलाबानचे डोळे अधू झाले, जीभ मात्र तिखटच राहिली. साहेबलोक तिला टरकून असत, पण तिचं ऐकत कधीच नसत.

बेटावर जाणारी प्रवासी बोट बुडाली आणि तिचा मालक परदेशात पळाला. तिथे तो पकडलाही गेला. साठ दिवसांत त्याला मागून घेणारं पत्र जायला हवं होतं. तिउर्माने चोख मसुदा केला, आरोपीच्या प्रत्यार्पणासाठीचा ‘एक्स्त्रादिसी’ हा नेमका शब्द घातला. बंदर खात्यातून नुकतेच बदलून आलेले तिचे साहेब, पाक हास्बी, यांनी तो लाल पेनाने खोडला.

“बू तिउर्मा, त्रादिसी म्हणजे आपली रीतभात. तिला ‘एक्स’ लावलं की रीत सोडून वागणं झालं! परक्या सरकारला असं लिहितात?”

“पाक, शब्द मुळात लॅटिन आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘त्रादितियो’ म्हणजे हवाली करणं. बापाने पोराच्या हवाली केली ती रीत, आणि एका देशाने खटल्यासाठी दुसऱ्याच्या हवाली केला तो आरोपी. नुसतं हाकलून देणं वेगळं!”

“माझी शाळा घेऊ नका. ‘मायदेशी परत पाठवावे’ असं लिहा. सभ्य वाटतं.”

तिने दोनदा लेखी हरकत घेतली. दोन्ही कागद फायलींच्या ढिगात गडप झाले आणि पत्र तसंच गेलं.

उत्तर आलं: कुणाला परत पाठवायचं हे आमचं आम्ही ठरवू. खटल्यासाठी हवाली करण्याची मागणी आलेलीच नाही. मुदत संपली, सबब सोडून दिलं.

तिउर्माच्या अंगाचा तिळपापड झाला. पाक हास्बी म्हणाले, “तुमचं भाषांतर कच्चं असेल.”

बाहेर बाकावर रोसमाइदा बसली होती. लेक त्या बोटीबरोबर बुडाल्यापासून ती दर सोमवारी यायची, आणि तिउर्माने तिला शब्द दिला होता. दोघी एकमेकींना ‘एदा’, म्हणजे वहिनी, म्हणायच्या.

“एदा, आणतायत ना त्याला?”

“सुटला तो, एदा. एका शब्दापायी सुटला! मी भांडले गं, पण...” तिउर्माला रडू कोसळलं.

रोसमाइदाने विचारलं,

“पत्रात माझ्या लेकीचं नाव तरी नीट होतं ना? देलिमा. लोक देलिना लिहितात.”

पत्रात ‘एकेचाळीस प्रवासी’ एवढंच होतं, आणि ते तिउर्मानेच लिहिलं होतं.