मी अर्धी सांगितलेली गोष्ट

"समदं परत आलं, असं तुमी बोलले, कंपोंडरदादा. मंग माझी पोरं कवा येतील, तेवढं सांगा."

चांगो दवाखान्याच्या पायरीवर उभा होता. त्याच्यामागे त्याची बायको हिरू, पदराचं टोक मुठीत धरून. मी खोकल्याच्या बाटल्यांवर पट्ट्या चिकटवत होतो. औषध पातळ असे, किती घ्यायचं ते कळावं म्हणून बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी लावायची. एक खाच म्हणजे एक डोस. खळ लावलेली पट्टी माझ्या हातातच वाळून गेली. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून ही दोघं मुरबाडपर्यंत चालत आली होती. औषध नको होतं त्यांना. चार दिवसांपूर्वी मी बोललेल्या एका वाक्याचा जाब हवा होता.

मी तिथल्या एका मिशनच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. डॉक्टर लिहून देतील ते औषध तयार करून रोग्याला देणं, हे माझं काम. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची ही हकिकत. आमच्या डॉक्टरबाई परदेशी. मराठी शिकून आल्या होत्या, पण कुणा शास्त्रीबुवांकडून. रोग्याला त्या विचारीत, "आपणास क्लेश कोठे होतात?" रोगी घाबरून माझ्याकडे बघे. म्हणून दुभाष्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मराठीतून मराठीत सांगणारा दुभाष्या दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

आठवड्यातून एकदा वाड्यांवर कॅम्प असे. औषधाची पेटी बैलगाडीत, बाई पुढे चालत. औषधं वाटण्याआधी बाई शास्त्रातली एखादी गोष्ट सांगत आणि मी ती वाडीच्या बोलीत उतरवून देई. इथे मी चोरी करायचो. समोर माणसं ताटकळलेली, ऊन चढत चाललेलं, मलमाचे डबे अजून उघडायचे. बाईंची दहा वाक्यं झाली की माझी तीन व्हायची. बाईंनी एकदा विचारलं, "शांतवनराव, माझे भाषण एवढे लांब आणि आपले एवढे आखूड कसे?" मी म्हणालो, "बाई, इकडची बोली आटोपशीर आहे." त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

चांगोच्या वाडीत त्या दिवशी बाईंनी ईयोबाची गोष्ट काढली. ती हिरूसाठीच काढली होती. पौषात वाडीत गोवर आला आणि तिची मुलगी आणि मुलगा दोन दिवसांच्या अंतराने गेले. माघात एक बैल गेला. त्यानंतर हिरूने खाणंपिणं टाकलं. चांगोने तिला हाताला धरून कॅम्पला आणलं. बाईंनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि मला म्हणाल्या, "ह्यांस रोग नाही. दुःख आहे."

ईयोब हा भला, देवाला धरून चालणारा माणूस. गुरंढोरं, गडीमाणसं, सात मुलगे, तीन मुली. एका दिवसात सगळं गेलं. मग अंगभर गळवं उठली. राखेत बसून खापराच्या तुकड्याने अंग खाजवायची पाळी आली. तीन मित्र समाचाराला आले, त्यांचा आणि त्याचा मोठा वाद झाला. शेवटी देव बोलला आणि ईयोबाचे दिवस पालटले. बाईंनी हे पाऊण तास सांगितलं. मी दहा मिनिटांत उरकलं. मित्र गाळले, वाद गाळला, आणि शेवट एका वाक्यात बांधून टाकला: "त्यानं देवाला सोडलं नाय, मंग देवानं त्याचं गेलेलं समदं परत दिलं."

माणसांनी माना हलवल्या. हिरूने त्या दुपारी भाकर मागून खाल्ली. परतताना गाडीत मी स्वतःवर खूश होतो. ती भाकर कशाच्या भरवशावर तिच्या घशाखाली उतरली होती, ते आज पायरीवर कळलं.

मी आत गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. किती महिने गाळत आलो तेही सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत.

"औषधाचा डोसही आपण असाच कमी करता काय?"

"नाही, बाई."

"का नाही?"

उत्तराची वाट न पाहता बाई बाहेर आल्या आणि पायरीवर चांगोच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "ईयोबाची गेलेली मुले परत आली नाहीत. पुढे त्यास आणखी मुले झाली. आपणास चुकीचे सांगितले गेले. मी ते तपासले नाही, म्हणून दोष माझाही आहे." हे सगळं वाडीच्या बोलीत मलाच सांगायचं होतं. स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने उलगडून सांगण्यासारखं जड काम नाही. सांगितलं, एक शब्द न गाळता.

हिरू म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. पन चार दिस जेवले मी."

"मंग गोष्टच खोटी," चांगो म्हणाला.

"खोटी नाही, अर्धी आहे," बाई म्हणाल्या आणि मी गाळलेला भाग सांगायला लागल्या. ते मित्र ईयोबाला म्हणाले, तुझ्या हातून काहीतरी पाप घडलंच असणार, त्याशिवाय देव एवढं करणार नाही. कबूल कर म्हणजे सुटशील. ईयोब म्हणाला, जे मी केलं नाही ते कबूल कसं करू?

चांगोने मान वर केली. "ह्ये तुमाला आमच्या वाडीतलं कुनी सांगितलं?"

मग त्याने वाडीतली हकिकत सांगितली. वाडीची रीत अशी, की नवं भात घरात आलं की आधी देवाला दाखवायचं, मग तोंडात घालायचं. वाडीतल्या तिघा जाणत्यांचं ठाम मत झालं होतं, की चांगोने देवाला न दाखवता नवं खाल्लं म्हणून हा कोप झाला. सोमाबाबा त्यांतला वडीलधारा. माणसं वाईट नव्हती. पोरं गेली तेव्हा तिघेही आठ दिवस चांगोच्या ओटीवर बसून होते, घरून भाकऱ्या आणत होते. पण आता ते म्हणत होते, चूक कबूल कर, देवाला कोंबडं दे, मग सावडीला येऊ.

सावड म्हणजे आज आम्ही तुझ्या शेतावर, उद्या तू आमच्या. तिच्यावाचून त्या भागात राब होत नाही. पावसाआधी शेताच्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात आणि त्या भाजलेल्या मातीत भाताचं रोप करतात, त्याला राब म्हणतात. फांद्या तोडायला, वाहायला आणि जाळ आवरायला दहा-वीस हात लागतात. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर खायला भात नाही. वाडीतले बाकीचे राब भाजून झाले होते. चांगोचा तुकडा तसाच पडला होता.

मी व्यवहाराचं बोललो. "अरे, एक कोंबडं देऊन टाक की. राब तरी होईल."

"कोंबड्याचं काय नाय, दादा," चांगो म्हणाला. "मी नवं देवाला दावलंय. हिनं दिवा धरला व्हता. आता नाय दावलं असं बोललो, तं माझी पोरं मीच मारली, असं माझ्या तोंडानं व्हईल."

त्या माणसाकडे मी बघतच राहिलो. घरात दाणा नाही, वाडी पाठ फिरवून बसलेली, एका खोट्या शब्दाने सगळं सुटत होतं आणि तो तो शब्द बोलत नव्हता. मी मात्र ऊन चढतं म्हणून देवाची गोष्ट कापत होतो. मला त्याची थोरवी वाटली आणि माझी लाज वाटली, हे आज सरळ लिहितो.

बाई म्हणाल्या, "उद्या वाडीवर जाऊ. औषधांची पेटी नको."

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या आंब्याखाली माणसं जमली. सोमाबाबा पुढेच, उकिडवे बसलेले. बाईंनी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मी वाक्याला वाक्य सांगत गेलो. दीड तास लागला. घसा बसला, पण काही गाळलं नाही. मित्र आले तिथे सोमाबाबांनी थांबवलं.

"ते तिघं वाईट व्हते का?"

"नाय, बाबा. लांबून आले व्हते. सात दिवस त्याच्यापाशी भुईवर बसले, त्याचं दुःख बघून तोंडातून शबूद काढला नाय."

"मंग?"

"मंग बोलले."

सोमाबाबांनी मान खाली घातली. चांगो लांब बसला होता, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. बाई शेवटाकडे आल्या. देव रागावला तो ईयोबावर नाही, त्या तिघांवर. तुम्ही माझ्याबद्दल नीट बोलला नाहीत, तो नीट बोलला, असं म्हणाला. आता तुम्हीच अर्पण घेऊन त्याच्याकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, त्याचं मी ऐकेन.

मग सोमाबाबा हळूच म्हणाले, "म्हंजे कोंबडं आमी द्यायचं, आन गाऱ्हानं चांगोनं घालायचं. आसंच ना?"

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे बोलून घातलेलं मागणं. आता हे बाईंना सांगायचं होतं. मिशनच्या बाई, आणि वाडीच्या देवाला कोंबडं. पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, "बाई, त्यांना गोष्ट आवडली." जिभेवर आलंच होतं. पण गिळलं आणि जसंच्या तसं सांगितलं.

बाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "शास्त्रात कोंबडे नाही. बैल आणि मेंढे आहेत." थोडं थांबून म्हणाल्या, "पण क्रम तोच आहे."

सोमाबाबा उठले, चांगोसमोर जाऊन बसले. "चांगो, घालशील का आमच्यासाठी गाऱ्हानं?"

"घालीन, बाबा. तुमीच आठ दिस भाकर आनली."

"परवा तुझा राब."

माणसं उठायला लागली तेव्हा बाई हिरूजवळ गेल्या. मी मागे होतोच. बाई म्हणाल्या, "ह्या गोष्टीतील एक मला कधी समजले नाही. शेवटी देवाने गुरे पहिल्यापेक्षा दुप्पट दिली. मुले मात्र पुन्हा दहाच. दुप्पट का नाहीत?"

मी सांगितलं. हिरूने बाईंकडे असं पाहिलं, की एवढं शिकून हिला हे कसं कळत नाही.

"गुरं मेली ती गेली, बाय. पोरं मेली तरी आपलीच ऱ्हातात ना? दहा ती, आन दहा ही. दुप्पटच झाली."

बाईंनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्या तिथेच खाली बसल्या. आणि मला आमचा केसपेपर आठवला. त्यात मुलं किती, असा रकाना होता. वाड्यांवरच्या बायका गेलेली मुलं धरूनच आकडा सांगत. "पाच झाली, दोन हायत." मी वैतागून पाचावर काट मारून दोन लिही. किती वर्षं मी ती वजाबाकी करत होतो.

तिसऱ्या दिवशी चांगोचा राब भाजला. अख्खी वाडी होती, सोमाबाबा धुरात सगळ्यात पुढे. कोंबडं त्यांच्याच घरचं. गाऱ्हाणं चांगोने घातलं. त्यात त्याने तिघांसाठी काय मागितलं ते मला कळलं नाही, कारण ते तो पुटपुटला, आणि त्याचा दुभाष्या मी नव्हतो. रोप आलं, लावणी झाली. हिरू लगेच सावरली असं नाही. पुढच्या कॅम्पला अर्धी भाकर, त्याच्या पुढच्याला एक, असं चाललं.

दोन वर्षांनी ती दवाखान्यात आली, देवीची लस टोचायला तान्ही मुलगी घेऊन. मी केसपेपर पुढे ओढला.

"मुलं किती, हिरूबाय?"

"तीन."

मी तीन लिहिलं.

पुढे हेड ऑफिसचे साहेब इन्स्पेक्शनला आले. त्यांचं बोट बरोबर तिथेच थांबलं. "शांतवन, इथे मुलं तीन, आणि खाली तू लिहिलंयस, हयात एक. हा काय प्रकार?"

"साहेब, बाईने सांगितलं तसं लिहिलं."

"मग वजाबाकी कोणी करायची?"

"आधी मी करत होतो. आता सोडली."

साहेबांनी तांबड्या पेन्सिलीने शेरा मारला, नोंदी काळजीपूर्वक कराव्यात. शेरा बरोबर होता, फक्त चुकीच्या पानावर पडला होता. सांगणाऱ्याने पूर्ण सांगितलेलं मधल्या माणसाने कमी करू नये, एवढं मी त्या नोकरीत शिकलो, आणि ते शिकण्याआधीची पानं साहेबांनी उलटून पाहिली नाहीत.