आता ह्या कानात सांग

"काटेवाल्या आण्णांना पत्रिका द्यायची तर जरा येळ काढून जा बाई. आदी डाव्या कानात सांगायचं, मग उजव्या. तवा कुठं त्यांना लगीन कळतं."

नसरापूरहून मार्गासनीकडे निघालेल्या एसटीत पुढच्या सीटवरची बाई शेजारणीला सांगत होती. हे काटेवाले आण्णा म्हणजे माझ्या आईचे मामा, माझे मामाआजोबा, हे मी तिला सांगितलं नाही. मी अनोळखी माणसांशी बोलत नाही, ओळखीच्यांशीही बेताचंच बोलते. शिवाय तिच्या सांगण्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

डावं आणि उजवं कधीच सारखं नसतं, यावर मामाआजोबांचा जेवढा विश्वास आहे तेवढा भोर-वेल्ह्यात मिळून कुणाचा कशावरही नसेल. उभा जन्म त्यांनी आठवडी बाजारांत दुकानदारांचे तराजू दुरुस्त केले. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तराजू माळ्यावर गेले, पण पारड्यांविषयीचा संशय मामाआजोबांच्या अंगातून गेला नाही. घड्याळ ते एक दिवस डाव्या मनगटावर बांधतात, एक दिवस उजव्या. बाजारातून येताना दोन्ही हातांतल्या पिशव्या सारख्या वजनाच्या लागतात; एखादी जड वाटली तर तिच्यातलं वरचं एक वांगं शर्टाच्या खिशात. खिसा फक्त डावीकडे असतो, हे त्यांना मान्य नव्हतं, म्हणून त्यांनी शिंप्याकडून उजवीकडेही एक शिवून घेतला. भाटघरला एका साखरपुड्यात ते नवऱ्या मुलाला टिळा लावायला वाकले आणि खिशातलं वांगं थेट पेढ्यांच्या ताटात पडलं. मामाआजोबांनी वांगं उचललं, धोतराला पुसलं आणि या खेपेला दुसऱ्या खिशात ठेवलं.

कानांचंही तसंच. दोन्ही कान तेव्हा ठणठणीत होते, पण एकाच कानावर विसंबून राहणं त्यांना पटत नसे. काहीही सांगा, ते शेवटपर्यंत ऐकणार, मग मान फिरवून म्हणणार, "आता ह्या कानात सांग." मामीआजी म्हणायची, "लगीन झाल्यापास्नं समदी भांडणं दोनदा करतीय. दुसऱ्या खेपेला राग उरतच न्हाई."

मला मात्र या सवयीचा फार आधार होता. किकवीहून स्कूलबसनं इंग्रजी शाळेत जाणारी मी. घरच्या मोठ्या माणसांपुढे माझं मराठी अडखळायचं आणि आवाज तर गळ्यातच राहायचा. बाकी सगळे म्हणायचे, मोठ्यानं बोल. मामाआजोबा असं कधीच म्हणाले नाहीत. ते नुसती मान फिरवायचे, आणि दुसऱ्या कानात सांगताना माझा आवाज आपोआप थोडा मोठा निघायचा.

गेल्या वर्षी मी एमएस्सीच्या प्रबंधासाठी माशांच्या कानातल्या खड्यांवर काम करत होते. प्रवाळांच्या खडकांत राहणारे रंगीत मासे; त्यांच्या डोक्यात दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढे खडे असतात. त्यांच्यावर माशाचं ऐकणं आणि तोल सांभाळणं चालतं. डावा आणि उजवा खडा वेगळा तोलून त्यांच्यात फरक किती, हे मला पाहायचं होतं. सुट्टीत मार्गासनीला गेले तेव्हा दाखवायला एक जोडी छोट्या बाटल्यांतून घेऊन गेले. 'माशाच्या कानातले खडे' म्हटल्यावर मामीआजीनं चष्मा लावून पाहिलं आणि नाराज झाली. "मासोळ्या पायात घालत्यात बाई. मासोळीच्या कानात घालायचं ह्ये नवीनच. आनि चमकत बी न्हाई."

"माशानं कानाला खडा लावला म्हंजी गळाला लागायचा न्हाई परत," मामाआजोबा म्हणाले. मग त्यांनी दोन्ही बाटल्या दोन तळहातांवर घेतल्या आणि डोळे मिटले. "फरक हाय?"

मी सांगितलं, आहे. जवळजवळ प्रत्येक माशात उजवा खडा जड भरतोय. आधीच्या अभ्यासांत फरक अगदी थोडा, आणि कधी इकडे तर कधी तिकडे असा सापडला होता, त्यामुळे हे नवीनच होतं आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम खूश होत्या. त्यांनी विभागात सगळ्यांना सांगितलंही होतं. प्रबंध द्यायला थोडेच दिवस राहिले होते.

"आता ह्या कानात सांग."

मी पुन्हा सांगितलं. मला वाटलं, आयुष्यभर जे म्हणत आले ते माशांतही निघालं म्हणून ते खूश होतील. त्यांनी डोळे उघडले.

"काट्यावर आदी कंचा ठेवतीस?"

"उजवा."

"दर खेपंला?"

"हो. गोंधळ नको म्हणून."

"उलटं करून बघितलंस का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"पारडी बदलून बी त्येच अंग खाली जात आसंल, तर खोट मालात नसती पोरी, काट्यात असती. जा, डावा आदी ठेव."

परत जाऊन मी डावा आधी ठेवला. आता जवळजवळ प्रत्येक माशात डावा जड भरू लागला. प्रयोगशाळेतला काटा शून्यावरून हळूच खाली सरकत होता आणि दुसरा येणारा खडा दर वेळी हलका ठरत होता. मी दर वजनाआधी काटा शून्यावर आणून, क्रम बदलत सगळे खडे पुन्हा तोलले. उरला तो फरक नावापुरताच होता. कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे.

जुने आकडे तसेच ठेवले असते तर कुणाला कळलं नसतं. दोन दिवस मी मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी आत गेले आणि सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "काय? ऐकू नाही आलं." मी मनातल्या मनात एक मान फिरताना पाहिली आणि पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते साऱ्या खोलीला ऐकू गेलं. मॅडमनी जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाल्या, "तारीख वाढवून घेऊ. हेच लिही."

परवा त्या एसटीनं मी मार्गासनीला हेच सांगायला चालले होते. ओट्यावर मामाआजोबा एकटेच बसले होते. दोन्ही खिसे रिकामे. उन्हाळ्यापासून त्यांचा उजवा कान गेलाय, हे मामीआजीनं दारातच सांगितलं होतं. आता बाजारालाही जात नाहीत. मी डाव्या बाजूला बसून सगळं सांगितलं. ते हसले, मान डोलावली.

"येक पारडं गेलं बघ माजं," म्हणाले. मान फिरवली नाही.

मी उठले, त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि त्या कानाशी वाकून, आतून मामीआजी बाहेर यावी एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"मामाआजोबा, तुम्ही विचारलं नसतं, तर मी खोटं लिहिलं असतं."