उजाडतानाच्या ओळी

पुण्याहून निघताना वाटलं होतं, नागपूरला एक वही पाहायची आणि संत्री घेऊन परतायचं. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. जुन्या अझरबैजानी कवितेतला सूर्य हा माझा आवडता विषय. मित्रांच्या मते इतरांचं डोकं खाण्याचा. तशा ओळी नागपूरच्या विणकरवस्तीत दाजीबा नावाच्या म्हाताऱ्याकडे आहेत असं कळलं आणि मी गाडी पकडली.

दाजीबांनी मला घरीच ठेवून घेतलं. जेवायला सांबारवडी (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) होती. भिवापुरी मिरचीने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा खाटेवरून त्यांची बायको कौसाबाई हसली. ती दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली; डॉक्टरांनी हात टेकले होते.

वही वाळवीने खाल्लेली, पण ओळी दाजीबांना पाठ होत्या. आजोबांकडे उतरलेल्या एका अझरबैजानी व्यापाऱ्याने त्या शिकवल्या. तेव्हापासून घरातला कर्ता पुरुष उजाडताना त्या म्हणतो, मगच मागावर बसून धोटा हातात घेतो. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. सूर्याचं स्वागत असणार, असं सगळे धरून चालले होते.

पहाटे दाजीबा मागाजवळ उभे राहून म्हणू लागले. शेजारच्या अंगणात ऊन आलं. आमच्या उघड्या दारात मात्र अंधार तसाच. ओळी संपल्या, तेव्हा कुठे ऊन उंबरा ओलांडून आत आलं.

"आमच्या घरी ते थांबून थांबून येते," कौसाबाई म्हणाली.

पण माझी विद्वत्ता गप्प बसेना. हे स्वागत नाही, मी दाजीबांना सांगितलं. रात्रभर जळलेली मेणबत्ती सूर्याला विनवते आहे: थांब, तू आलास की मी विझणार.

दाजीबांनी हातात घेतलेला धोटा परत ठेवला. "म्हणजे मी रोज सूर्याले येऊ नको म्हणून राहिलो होतो?"

दुसऱ्या पहाटे ते काहीच म्हणाले नाहीत. नुसते हात जोडून उभे राहिले. ऊन शेजाऱ्यांच्या बरोबरीने आत आलं, थेट खाटेपर्यंत. मी समाधानाने कौसाबाईकडे पाहिलं. ती गेली होती.

घाटावरून परतल्यावर दाजीबांनी एवढंच विचारलं, "मास्तर, काहून सांगतलं तुम्ही?"

बाई आजारीच होती, तिची वेळ भरली होती, असं परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावून पाहिलं. पटलं नाही. संत्री घ्यायचीही राहून गेली.

घरी पोचलो तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. बायको अजून झोपलेली. खिडकीतून ऊन तिच्या पायांशी येताना दिसलं, आणि मी दारातच उभा राहून, हलक्या आवाजात, त्या ओळी म्हणू लागलो.